तबकडी फिरून येईपर्यंत

जुना संगणक मंद झाला असे म्हणताना त्याचा नेमका कोणता भाग मंद आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि म्हणूनच पुष्कळ धडधाकट यंत्रे वेळेआधी भंगारात जातात. ॲपल कंपनीचा साडेएकवीस इंची पडद्याचा आयमॅक हे याचे बोलके उदाहरण आहे. २०१२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या संगणकाच्या सर्वांत स्वस्त नमुन्यातही इंटेलचा चार गाभ्यांचा, २.७ गिगाहर्ट्झ गतीचा कोअर आय-५ प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारा मुख्य घटक होता, आणि त्याच्या जोडीला ८ जीबी रॅम होती. पत्रव्यवहार, हिशेब, मजकुराची जुळणी, छायाचित्रांची निवड आणि इंटरनेटवरचे वाचन एवढ्या कामांना ही सामग्री आजही पुरते. तरीही हा संगणक सुरू होऊन हाताशी येईपर्यंत मिनिटे जातात, एखादे छोटे टिपण उघडायचे म्हटले तरी पडद्यावर रंगीत चक्र गरगरत राहते, आणि दोन कामे एकदम सांगितली तर दोन्ही अडतात. या अडण्याचे मूळ साठवणीच्या त्या एका अवयवात आहे, जो थंडाव्याचा पंखा वगळता या संगणकाच्या पोटात एकटाच प्रत्यक्ष हलतो.

हा अवयव म्हणजे हार्ड डिस्क. चुंबकीय थर दिलेली तबकडी आसाभोवती फिरत असते आणि एका दांड्याच्या टोकाला बसवलेले, वाचण्या-लिहिण्याचे काम करणारे सूक्ष्म शीर्ष तिच्या पृष्ठभागाला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत आतबाहेर सरकते. हवी ती माहिती मिळण्यापूर्वी दोन गोष्टी घडाव्या लागतात: शीर्षाला योग्य त्या वर्तुळाकार मार्गावर जाऊन स्थिरावे लागते आणि त्या मार्गावरचा हवा तो तुकडा फिरत फिरत शीर्षाखाली यावा लागतो. २०१२ च्या या आयमॅकमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, लॅपटॉपसाठी बनवलेली अडीच इंची डिस्क होती. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, अर्थात सेकंदाचे ११ हजारांश भाग लागतात, आणि हवा तो तुकडा सरासरी अर्ध्या फेऱ्यानंतर येत असल्याने साडेपाच मिलिसेकंद केवळ वाट पाहण्यात जातात. शीर्षाच्या हालचालीचे दहा-बारा मिलिसेकंद त्यात मिळवले की एका वाचनाला सोळा-सतरा मिलिसेकंद होतात, आणि वेगवेगळ्या जागी पडलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जेमतेम साठ वाचने पदरात पडतात.

डिस्कच्या वेष्टनावर छापलेली गती या साठ वाचनांविषयी काहीच सांगत नाही. सलग लिहिलेला चित्रपट वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास माहिती सहज देते, कारण शीर्ष एकदा जागेवर बसल्यावर तबकडी नुसती फिरत राहते. परंतु संगणक सुरू होताना, प्रोग्रॅम उघडताना किंवा टपाल शोधताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. असे चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे सेकंदाला साठ या दराने उचलले तर हाती पडते अवघे २४० किलोबाइट, म्हणजे शंभर मेगाबाइटच्या चारशेव्या भागाएवढे. दहा हजार विखुरलेली वाचने करायची झाली तर त्यांना जवळजवळ पावणेतीन मिनिटे लागतील. प्रत्यक्षात कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सारा कारभार चालवणारी मूळ आज्ञावली, पुढचे तुकडे अंदाजाने आधीच वाचून ठेवते आणि मागण्यांचा क्रम जुळवून घेते, म्हणून परिस्थिती इतकी वाईट होत नाही, पण तिचा स्वभाव तोच राहतो.

हा स्वभाव यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक यंत्रातील पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिच्यात ५० लाख अक्षरे मावत आणि हवे ते अक्षर मिळायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. त्या ५० लाख अक्षरांची जागा आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइट भरते. म्हणजे एक टेराबाइटच्या आयमॅकच्या डिस्कपर्यंत येताना साठवण अडीच लाख पटींहून अधिक वाढली, आणि हवी ती वस्तू सापडण्याचा वेग मात्र चाळीस पटींच्या आतबाहेरच राहिला. अभियंत्यांच्या कौशल्यात उणीव होती असे नव्हे. तबकडी अधिक वेगाने फिरवली की उष्णता, आवाज आणि कंप वाढतात, आणि दांड्याला वजन असल्यामुळे तो क्षणात पळून क्षणात थांबू शकत नाही. कोठार वाढत गेले, पण कोठारातला माणूस त्याच पावलांनी चालत राहिला.

याच्या जोडीला रॅमची गोष्ट समजून घ्यावी लागते. रॅम ही प्रोसेसरच्या हाताशी असलेली तात्पुरती जागा; स्वयंपाकघरात ओट्यावर मिसळणाचा डबा असावा तशी. डिस्क म्हणजे माळ्यावरच्या बरण्या. ओट्यावरची जागा भरली की सध्या न लागणाऱ्या वस्तू माळ्यावर ठेवल्या जातात आणि गरज पडताच पुन्हा उतरवल्या जातात. या उतरवण्या-चढवण्याला स्वॅपिंग म्हणतात. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या असताना आठ जीबी रॅम भरते, स्वॅपिंग सुरू होते, आणि त्याच डिस्कच्या त्याच एका शीर्षाला फायली वाचण्याबरोबर हेही काम करावे लागते. साडेएकवीस इंची आयमॅकमध्ये रॅम वाढवण्यासाठी बाहेरून दारच ठेवलेले नव्हते, आणि २०१५ च्या नमुन्यात तर ती मूळ फलकालाच डाग देऊन जोडलेली होती, त्यामुळे हा मार्ग बहुतेकांना बंदच राहिला.

कार्यप्रणालीही दरम्यान बदलत गेली. पार्श्वभूमीला शोधसूची तयार करणे, छायाचित्रांतले चेहरे ओळखणे, क्लाउडमधल्या फायलींशी मेळ घालणे अशी कामे वाढली आणि त्यांतले प्रत्येक काम शीर्षाला आपल्या बाजूला ओढू लागले. त्याहून निर्णायक ठरला तो फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीतला बदल. १९९८ पासून चालत आलेल्या एचएफएस प्लस या पद्धतीच्या जागी ॲपलने २०१७ मध्ये हाय सिएरा या आवृत्तीपासून एपीएफएस ही नवी पद्धत आणली आणि २०१८ च्या मोहावे आवृत्तीने ती फिरत्या तबकड्यांवरही लागू केली. एपीएफएसमध्ये फायलीतला मजकूर बदलला की जुन्या जागी न लिहिता नवी प्रत नव्या जागी लिहिली जाते. अचानक वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहावी, हा त्यामागचा फार चांगला हेतू. परंतु त्यामुळे फायलींचे आणि त्यांच्या नोंदींचे तुकडे डिस्कभर विखुरतात. ज्या साठवणीत कुठलाही तुकडा सारख्याच वेळात मिळतो तिथे या विखुरण्याने काहीच बिघडत नाही. तबकडीवर मात्र प्रत्येक तुकड्यामागे शीर्षाची एक धाव वाढते. आपला आयमॅक नव्या आवृत्तीनंतर अधिकच मंद झाला, ही अनेक वापरकर्त्यांची तक्रार म्हणूनच रास्त होती.

हे सर्व ठाऊक असताना मार्च २०१९ मध्ये आलेल्या साडेएकवीस इंची आयमॅकच्या पायाभूत नमुन्यातही ५४०० फेऱ्यांचीच डिस्क होती, आणि ऑगस्ट २०२० मध्ये कुठे एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली साठवण, सर्व आयमॅकमध्ये सरसकट मिळू लागली. महागड्या संगणकात तोपर्यंत तबकडी ठेवणे समर्थनीय नव्हते, असेच म्हणावे लागते. मधला मार्ग म्हणून २०१२ मध्ये फ्यूजन ड्राइव्ह देण्यात आला होता: १२८ जीबीचा वेगवान भाग आणि एक किंवा तीन टेराबाइटची तबकडी यांना जोडून एकच साठवण भासवायची आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टी वेगवान भागात आपोआप हलवायच्या. कल्पना उत्तम होती, पण २०१५ च्या अखेरीस एक टेराबाइटच्या फ्यूजन ड्राइव्हमधला वेगवान भाग अवघ्या २४ जीबीवर आणला गेला, आणि एवढ्याशा जागेत कार्यप्रणालीबरोबर वापरकर्त्याच्या रोजच्या फायली मावणे अवघडच होते.

तबकडीला पर्याय देणारा शोध मात्र तीन दशके जुना होता. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची आणि १९८७ मध्ये तिच्या नॅन्ड या प्रकाराची मांडणी जगापुढे ठेवली. माहितीचा मोठा गठ्ठा एका झटक्यात पुसला जातो हे पाहून मासुओका यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले. या स्मृतीत अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक आवरण असलेली एक जागा असते, तिथे इलेक्ट्रॉन कोंडता येतात, आणि वीज बंद केली तरी ते तिथेच राहतात. किती इलेक्ट्रॉन कोंडले आहेत यावरून त्या कप्प्यातला अंक वाचला जातो. हलणारे काहीच नसल्यामुळे शीर्षाची धाव नाही आणि तबकडीची फेरीही नाही. कुठल्याही कप्प्यातली माहिती साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येते. अशा अनेक चिपा आणि त्यांना सांभाळणारा नियंत्रक एका पेटीत बसवला की सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, तयार होते. सतराऐवजी एक दशांश हा फरक दीडशे पटींहून मोठा आहे. प्रोसेसर किंवा रॅम बदलून घरगुती संगणकात एवढी झेप दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

मग ती एसएसडी आयमॅकच्या पोटातच का बसवू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१२ पासूनच्या आयमॅकचा काठ पातळ करताना काच आणि पडदा एकजीव करून ते कवचाला चिकटपट्टीने डकवलेले आहेत. डिस्कपर्यंत पोहोचायचे तर काठाभोवती पातळ चाकाचे हत्यार फिरवून ती चिकटपट्टी कापावी लागते, जड पडदा नाजूक तारांसह उचलावा लागतो आणि काम झाल्यावर नवी पट्टी लावून तो अचूक बसवावा लागतो. हात चुकला तर पडदाच जातो, आणि पडद्याची किंमत जुन्या संगणकाच्या किमतीच्या घरात असते. त्याआधीच्या, २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये काच चुंबकांनी धरलेली असल्यामुळे उघडणे सोपे, पण तिथे वेगळीच अडचण: पंख्याचा वेग ठरवणारी यंत्रणा मूळ डिस्कचे तापमान विशिष्ट जोडणीतून वाचते आणि दुसरी डिस्क बसवल्यावर ते वाचन न मिळाल्याने पंखा पूर्ण वेगाने घोंगावू लागतो. कुशल दुरुस्तीकार यांतून वाट काढतात. पण ज्या घरात किंवा छोट्या कार्यालयात हा संगणक रोज लागतो, तिथे कवच न उघडता पाठीमागच्या खाचेत एक केबल लावून काम होत असेल तर तोच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

ही खाच पुरेशी रुंद आहे का, यावर सारे अवलंबून आहे. १९९८ साली आलेल्या पहिल्या आयमॅकने फ्लॉपीची खाच काढून टाकली आणि तेव्हा नवख्या असलेल्या यूएसबीला घरोघरी पोहोचवले, पण त्या यूएसबीची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट होती. इथे बिट आणि बाइट यांतला फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे: आठ बिटांचा एक बाइट होतो, जोडणीची गती बिटांत छापतात आणि फायलीचा आकार बाइटांत मोजतात. २००० साली आलेल्या यूएसबी २ ची गती ४८० मेगाबिट होती, तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइट वाहतात. २००८ मध्ये निश्चित झालेल्या यूएसबी ३ ने हा आकडा ५ गिगाबिटांवर नेला. त्यातला पाचवा हिस्सा संकेतांच्या बांधणीत खर्च होतो, उरलेल्या ५०० मेगाबाइटांपैकी चारशेच्या पुढे प्रत्यक्ष हाती येतात. २०१२ च्या अखेरच्या आयमॅकपासून यूएसबी ३ च्या चार खाचा पाठीमागे आहेत, आणि नेमके याच कारणाने बाहेरून जोडलेल्या एसएसडीचा हा उपाय त्या वर्षापासूनच्या यंत्रांना विशेष लागू पडतो. बाहेरच्या जोडणीत प्रत्येक मागणीमागे थोडा वेळ अधिक जातो हे खरे. तरी विखुरलेली छोटी वाचने सेकंदाला पाच-सहा हजार होऊ शकतात. साठाच्या तुलनेत. पावणेतीन मिनिटांचे ते दहा हजारांचे काम इथे दोन सेकंदांच्या आसपास आटोपते.

२०११ च्या आयमॅकमध्ये यूएसबी २ च असली तरी थंडरबोल्ट ही इंटेल आणि ॲपल यांनी आणलेली, १० गिगाबिटांची वेगळी जोडणी आहे, तेव्हा तिथे थंडरबोल्टची पेटी शोधावी. ती महाग पडते आणि आता सहज मिळत नाही. २००९-१० च्या यंत्रांना फायरवायर ८०० ही त्याहून बरीच मंद जोडणी आहे, आणि त्यांच्या बाबतीत बाहेरून काही जोडण्यापेक्षा डिस्क आतच बदलून घेणे, किंवा यंत्राला निवृत्त करणे, अधिक योग्य.

एसएसडी निवडताना सर्वांत वेगवान ती सर्वांत चांगली, हा हिशेब इथे चुकतो. बाजारात दोन प्रकार मिळतात: सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत जाणारी साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी आणि तिच्या कितीतरी पट वेगाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी. २०१२ ते २०१५ च्या आयमॅकची यूएसबी खाच साडेचारशेच्या पुढे जातच नाही, त्यामुळे तिथे एनव्हीएमईसाठी जास्तीचे पैसे मोजणे व्यर्थ. उलट तशा पेट्या अधिक तापतात आणि अधिक वीज ओढतात, आणि यूएसबी ३ ची खाच प्रमाणानुसार ९०० मिलिॲम्पिअरपर्यंतच वीज देते. २०१७ आणि २०१९ च्या आयमॅकमध्ये मात्र यूएसबी-सी आकाराच्या दोन थंडरबोल्ट ३ खाचा आहेत, त्यांतून यूएसबी १० गिगाबिटांनी आणि थंडरबोल्ट ४० गिगाबिटांनी चालते, आणि मोठ्या चित्रफितींवर काम करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. सुटी एसएसडी घेऊन रिकाम्या पेटीत बसवायची असेल तर ती पेटी यूएएसपी ही संवादपद्धती पाळते का, हे पाहावे. जुन्या पद्धतीत एक मागणी पुरी झाल्याशिवाय दुसरी पाठवता येत नाही, यूएएसपीमध्ये अनेक मागण्या एकदम रांगेत लावता येतात. तयार बाह्य एसएसडीही चालतात; २०१७ मध्ये आलेली सॅमसंगची टी-५, वजनाने ५१ ग्रॅम आणि जाहीर गतीने ५४० मेगाबाइटची, अशा कामासाठी पुष्कळांनी वापरली. आकारमानाला ५०० जीबी हा सुज्ञ मध्य आहे, कारण एसएसडी काठोकाठ भरली की तिची लिहिण्याची गती खालावते.

एका फसवणुकीचा इशारा इथे दिलाच पाहिजे. ऑनलाइन दुकानांत अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या आठ किंवा सोळा टेराबाइटच्या एसएसडीच्या देखण्या पेट्यांत पुष्कळदा एखादे छोटेसे मेमरी कार्ड डकवलेले असते, आणि संगणकाला खोटे आकारमान सांगेल असा बदल त्याच्या नियंत्रकात केलेला असतो. खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेली माहिती मुकाट्याने नष्ट होते. नव्या ड्राइव्हवर महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी तो पूर्ण भरून परत वाचून पाहणारे मोफत प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. त्यांना लागणारा वेळ कारणी लागतो.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही, पण तिचा क्रम पाळावा लागतो. सर्वांत आधी जुन्या डिस्कवरील सर्व माहितीची प्रत तिसऱ्याच एखाद्या ड्राइव्हवर घ्यावी, कारण जुनी तबकडी अशा मोठ्या वाचनाच्या श्रमातच दम सोडण्याची शक्यता असते. नंतर एसएसडी जोडून डिस्क युटिलिटी हे मॅकमधले साधन उघडावे. नवी एसएसडी बहुधा विंडोज आणि मॅक दोन्हींना चालेल अशा मांडणीने येते आणि त्या मांडणीवरून मॅक सुरू होत नाही, म्हणून डाव्या यादीत आतला विभाग न निवडता सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय घेऊन मूळ उपकरण निवडावे, आणि ते जीयूआयडी आराखड्यासह एपीएफएस पद्धतीने पुसून घ्यावे. ही एक पायरी चुकल्यामुळेच अनेकांची मांडणी पुढे अडते. त्यानंतर संगणकाला चालणारी मॅकओएस त्या एसएसडीवर स्थापित करावी, आणि शेवटी मायग्रेशन असिस्टंट या साधनाने जुन्या डिस्कवरून खाती, फायली आणि प्रोग्रॅम आणावेत. तबकडीवरून वाचायचे असल्यामुळे हे काम रात्रभर चालू शकते; ते रात्रीच लावून द्यावे.

पुढे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचे हे संगणकाला सांगायचे असते. सुरू होताना ऑप्शन ही कळ दाबून धरली की उपलब्ध डिस्का पडद्यावर दिसतात, आणि सेटिंगमधल्या स्टार्टअप डिस्क या भागात कायमची निवड करता येते. २०२० च्या सत्तावीस इंची आयमॅकसारख्या, टी-२ ही सुरक्षा चिप असलेल्या यंत्रांत बाहेरच्या डिस्कवरून सुरू होण्याची परवानगी आधी वेगळी द्यावी लागते. जुन्या यंत्रांत तशी अट नाही. पहिले एक-दोन दिवस शोधसूची नव्याने तयार होत असल्यामुळे यंत्र अपेक्षेइतके चपळ वाटणार नाही, तेवढ्यावरून उपाय फसला असे समजू नये.

काही गोष्टी या उपायाने सुधारत नाहीत. चित्रफीत एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे हे प्रोसेसरचे काम आहे, त्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहील. इंटरनेटची जोडणी मंद असेल तर पाने तितक्याच सावकाश येतील. रॅम वाढत नाही, मात्र स्वॅपिंग आता तबकडीऐवजी एसएसडीवर होत असल्याने रॅमची चणचण फारशी जाणवत नाही, आणि ज्या यंत्राला रॅमसाठी दार नाही त्याला हा आडमार्गाचा दिलासा मोठा असतो. सर्वांत कठोर मर्यादा कार्यप्रणालीची आहे: २०१२ आणि २०१३ चे आयमॅक अधिकृतपणे कॅटॅलिना या आवृत्तीपाशी थांबतात, २०१५ च्या अखेरचे माँटेरेपाशी आणि २०१७ चे व्हेंचुरापाशी, आणि थांबलेल्या आवृत्तीला काही काळाने सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद होते. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्याच्या बाबतीत ही गोष्ट वेगाइतकीच तोलून पाहावी. अशा यंत्रावर बाह्य एसएसडीवरच लिनक्सची एखादी चालू आवृत्ती बसवणे हा चांगला पर्याय आहे, कारण लिनक्सला बाहेरच्या ड्राइव्हवर राहण्याचे वावडे नाही.

एसएसडी झिजते, ही भीती मात्र घरगुती वापरात अनाठायी आहे. कप्प्यांभोवतीचे आवरण प्रत्येक पुसण्यागणिक किंचित दुबळे होते हे खरे, आणि म्हणून उत्पादक एकूण किती लिहिता येईल याची हमी देतात; ५०० जीबीच्या एखाद्या चांगल्या एसएसडीला ही हमी ३०० टेराबाइटपर्यंत असते. रोज २० जीबी लिहिले तरी तिथवर पोहोचायला चाळीस वर्षे लागतील. अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. फ्लॅश स्मृतीत एका पानावर लिहिता येते, पण पुसायचे तर शेकडो पानांची अख्खी वही पुसावी लागते. म्हणून कुठली पाने आता निरुपयोगी आहेत हे कार्यप्रणालीने ड्राइव्हला आधीच कळवले तर तो फावल्या वेळात साफसफाई करून ठेवतो. या कळवण्याला ट्रिम म्हणतात, आणि साटा एसएसडीच्या अनेक यूएसबी पेट्यांमधून हा निरोप पलीकडे पोहोचत नाही. त्यावर व्यवहार्य तोड अशी की ड्राइव्हचा पाचवा भाग तरी कायम मोकळा ठेवावा, म्हणजे नियंत्रकाला साफसफाईला जागा राहते.

आणखी एक उपद्रव अनेकांना कोड्यात टाकतो: एसएसडी लावल्यापासून बिनतारी माउस अडखळतो किंवा वायफाय तुटते. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात याचे कारण दिलेले आहे. यूएसबी ३ च्या संकेतांतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि ब्लूटूथ व जुने वायफाय त्याच पट्ट्यात बोलतात. पेटी माउस आणि कीबोर्डपासून हातभर दूर ठेवली, केबल चांगल्या आवरणाची घेतली आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले की त्रास बहुधा थांबतो.

विंडोजच्या डेस्कटॉपला हा सारा खटाटोप करावा लागत नाही. त्याचे कवच दोन स्क्रूंवर उघडते, आत साटाची मोकळी जोडणी बहुधा असते, आणि साटा एसएसडी तिथे पंधरा मिनिटांत बसते. शिवाय विंडोजचा नेहमीचा स्थापक यूएसबी ड्राइव्हवर विंडोज बसवायला नकार देतो, आणि त्यासाठी मोठ्या संस्थांपुरती दिलेली विंडोज टू गो ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढून टाकली. बाह्य एसएसडीचा मार्ग मुख्यतः बंदिस्त यंत्रांसाठी आहे.

आयमॅकच्या पाठीमागे ही पेटी बसवताना ती पायाच्या मागच्या बाजूला चिकटणाऱ्या पट्टीने पक्की करावी, कारण संगणक चालू असताना केबल निसटणे म्हणजे चालत्या गाड्याखालून रस्ता काढून घेणे. आणि फरशी पुसताना नेमकी तीच केबल ओढली जाते. एसएसडी बिघडते तेव्हा तबकडीसारखी आधी कुरकुरत नाही, एके दिवशी ती दिसेनाशी होते, म्हणून प्रतीची व्यवस्था आता अधिक हवी. त्यासाठी पोटातली जुनी डिस्क कामी येते. नव्या मांडणीवर काही आठवडे काम सुरळीत चालले, सर्व फायली आल्याची खात्री पटली आणि तिसऱ्या ड्राइव्हवरची प्रतही जपून ठेवली, की ती डिस्क पुसून टाइम मशीन या प्रत घेणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करावी. फ्यूजन ड्राइव्ह असेल तर त्याचे दोन भाग वेगळे करण्याच्या फंदात न पडता तोही तसाच द्यावा. प्रत घेणे पार्श्वभूमीवर चालते, त्याला दहा मिनिटे लागली काय आणि अर्धा तास लागला काय, कामात असलेल्या माणसाला ते कळतही नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी मग तासातून एकदा जागी होते, झालेले बदल उतरवून घेते आणि पुन्हा थांबते.